माटोळी मावेल अशी लेन्स

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाऊस आला की माणूस दुकान निवडत बसत नाही, जवळचं छप्पर तेच आपलं. ऋतिका पार्सेकर तशीच एका छपराखाली घुसली. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात उलटी झालेली छत्री, आणि कपाळावर अशा आठ्या, जणू पावसानं मुद्दाम तिलाच गाठून लबाडी केली होती. मान वळवून बघते तर काचेच्या कपाटात कॅमेरे! ज्यासाठी ती पार्शाहून धक्के खात आली होती, ते आयतं समोर. दुसरी एखादी म्हणाली असती, देव पावला. ऋतिकाच्या मनात आलं, इतकं सहज मिळतंय म्हणजे कुठंतरी गोम आहे.

ती होतीच तशी. भेंडी घेताना एकेकीचं शेपूट मोडून बघायची. बघायला आलेल्या एका मुलाला तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "दात तुमचेच ना?" तो गेला तो गेलाच. आता यात तिचं काय चुकलं म्हणायचं? गोडबोल्या माणसापेक्षा खवट नारळ परवडतो. फोडला की आत काय आहे ते कळतं तरी.

काउंटरमागे एक तरुण स्क्रू पिळत बसला होता. नाव गौरेश. दुकान दुसऱ्याचं, हा कॅमेरे दुरुस्त करायचा, आणि मालक जेवायला गेला की विकायचाही. त्यानं मान वर केली, तिच्या नाकाच्या शेंड्यावरून ठिबकणारं पाणी बघितलं आणि ओठातल्या ओठात हसला.

"टॉवेल देऊ?"

"कशाला?"

"तोंड पुसायला."

"नको. आमच्या तोंडाला पावसाची सवय आहे." तिनं पदरासारखी ओढणी फिरवली आणि तोंड पुसलं. "वाईड लेन्स आहे? कॅमेऱ्याच्या लेन्सवर वरून बसवतात ती?"

"आहे की. कॅमेरा द्या, बसवून दाखवतो."

"कॅमेरा घरी आहे."

"घरी? मग मापाचं काय?"

कॅमेरा तिनं मुद्दामच आणला नव्हता. काकांनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेला चांगला कॅमेरा. दुकानदाराच्या हाती दिला की आतला माल बदलतात, असं तिनं ऐकलं होतं. कोणाकडून ऐकलं, ते विचारू नये. तिनं पर्समधून एक दोरीचा तुकडा काढला. त्याला दोन गाठी होत्या.

"ह्या गाठीपासून त्या गाठीपर्यंत. लेन्सचं तोंड एवढं आहे."

गौरेशनं दोरी बोटांत धरली. चोळून बघितली. मग – नाकाला लावली! आणि त्याचे डोळे असे काही चमकले की ऋतिकानं पर्सची चेन बंद केली.

"फोटो कशाचे काढणार?"

"समुद्राचे," ती लगेच म्हणाली. "मोरजीच्या."

"समुद्राला ही लेन्स कशाला? मावला नाही तर थोडं मागं सरायचं. वाळू फुकट असते." तो काउंटरवर कोपरं टेकून पुढं झुकला. "ही लागते ती घरात. मागं सरता सरता पाठीला भिंत लागते… आणि भिंत काही सरकत नाही… तेव्हा. माटोळीचा फोटो काढायचाय ना?"

ऋतिकानं पर्स छातीशी धरली. "कोणी सांगितलं?"

"हिनं." त्यानं दोरी उचलून दाखवली. "केवणीच्या सालीची दोरी. अजून ओलसर आहे. रानात जाऊन केवण सोलणारा माणूस दुसरं काय बांधणार? पार्सल?"

म्हापशाच्या काचेच्या दुकानात बसणाऱ्या पोराला केवणीचा वास कळतो? ऋतिकानं त्याच्याकडे नीट बघितलं. दिसायला बरा होता. म्हणजे जास्तच सांभाळायला हवं.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडाची चौकट. तिला रानातली फळं, वेली, पानं, सुपारीची शिपटी, म्हणजे अख्खे घड, बांधायची. चवथीला ती गोव्यात घरोघरी असते; पण ऋतिकाच्या बाबांच्या, रघुनाथच्या माटोळीची गोष्ट वेगळी. कुठल्या डोंगरावर काय मिळतं ते तो बायकोलाही सांगत नसे. उत्तरेकडच्या एका मंडळाची माटोळीची स्पर्धा असायची आणि तिच्यात रघुनाथ दरवर्षी दुसरा यायचा. पहिला यायचा तो डिचोलीकडचा, मयेचा शिवदास. मंडळाची माणसं सगळ्यांच्या घरी पोचू शकत नसत, म्हणून चवथीच्या संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा. एकच. त्यात सगळी माटोळी दिसली पाहिजे, आणि तो मोठा करून भिंतीवर लावायचे. रघुनाथची देवाची खोली अरुंद. मोबाईलवर काढलेला फोटो मोठा केला की कवंडळ कुठलं आणि तोरिंग कुठलं ते कळेना. मागच्या खेपेला तर दोन्ही बाजू कापल्याच गेल्या.

आणि यंदा बाबांचा गुडघा गेला होता. डोंगर चढायचं हे शेवटचं वर्ष, असं वैद्यानं नव्हे, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. त्या शेवटच्या चढणीत त्यांनी रानात एक वेल बघून ठेवली होती. तिच्यावर लालभडक जुळं कवंडळ होतं. एका देठाला दोन फळं. ही गोष्ट घराबाहेर फक्त त्या डोंगराला ठाऊक होती.

"कडेला थोडं धूसर येतं ह्या लेन्सनं," गौरेश डबा काढत म्हणाला. "तुमचं काही खास असेल ना… ते मधे बांधा."

"खास काही नाही!" ऋतिका एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरचा फुलवाला आत डोकावला.

गौरेशनं लेन्स दिली, दोरीच्या मापाची एक रिंग दिली. पावतीवर तिचं नाव-गाव लिहिताना त्याचं पेन जरा अडखळलं. ह्या रिंगची एक बाजू कॅमेऱ्याला फिरवून बसवायची, दुसरी लेन्सला. "बसली नाही तर परत या."

"का? बसणार नाही असं वाटतंय?"

"तसं नाही… पण या."

पाऊस केव्हाच थांबला होता. दोघांनाही ते कळलं नव्हतं, ही गोष्ट ऋतिकाला बसमध्ये बसल्यावर आठवली आणि तिनं स्वतःवरच डोळे वटारले.

*

रिंग बसली नाही. ओली दोरी सुकली की आखडते, हे माटोळीच्या घरातल्या मुलीला सांगायला हवं? पण कॅमेरा मापायला केवणीची दोरी घेणारीही हीच एकटी.

"कॅमेरो घेऊन जा गो बाये," आई म्हणाली. आईचं नाव मंजुळा, आणि घरात तेवढी ती एकच सरळ विचार करणारी.

"आणि त्यानं आत काय बदललं तर?"

"त्याका तुझो कॅमेरो नको आसतलो."

"मग काय हवंय?"

मंजुळा भाकरी उलटत नुसती हसली. बायकांना असं हसू येतं. त्याचा अर्थ मुलींना उशिरा कळतो.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जाताना कॅमेरा तिनं नेला नाहीच. लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरात आकडा होता तो तळहातावर बॉलपेननं लिहून घेतला. बसच्या फुटक्या जनेलातून पाऊस आत येत होता. म्हापशाला पोचेपर्यंत हातावर निळी शाई आणि आकड्याची खूण तेवढी राहिली.

"दाखवा," गौरेश म्हणाला.

तिनं हात पुढं केला. तो लांबून वाचेना. दिव्याखाली धरून बघितला, तिरका करून बघितला, आणि मग बोटांची टोकं त्यानं दोन बोटांनी अलगद धरली… ऋतिकाला वाटलं, हात काढून घ्यावा. हात ऐकेना.

"किती वेळ वाचताय? हात आहे, पोथी नव्हे."

"पुसलंय ना. पंचावन्न की अठ्ठावन्न…" तो अगदी हळू म्हणाला. "भाग्यरेषा मात्र साफ आहे."

"ज्योतिषही बघता?"

"फक्त पावसात."

तिला हसू आलं. ते तिनं खोकल्यात घातलं. त्यानं पंचावन्नची रिंग दिली. मालक जेवून आला नव्हता, म्हणून त्यानं समोरच्या टपरीवरून पातळभाजी आणि उंडे पाव मागवले, आणि ती नको नको म्हणत दोन्ही उंड्यांतला मोठा कुठला ते बघून तोच उचलून बसली. खाता खाता त्यानं विचारलं, "बाबा एकटेच बांधतात माटोळी?"

घास तोंडातच थांबला. "तुम्हाला काय करायचंय?"

"सहज."

"सहज कोणी काही विचारत नाही. कुठले तुम्ही?"

त्यानं उंडा मोडला. पाव भाजीत बुडवला, पुन्हा बुडवला. "इथलाच… म्हणजे, इथंच राहतो."

माणूस सरळ प्रश्नाला वळसा घालतो तेव्हा वाटेत काहीतरी पुरलेलं असतं. ऋतिकानं हात धुतले आणि निघाली. तरी कोपऱ्यावर वळताना तिनं मागं बघितलंच. तो दारात उभा होता. हातात टपरीची रिकामी बशी.

घरी आल्यावर पंचावन्नची रिंगही बसली नाही. गोल फिरली, फिरत राहिली आणि टपकन हातात आली. बाजाराच्या दिवसाशिवाय ती म्हापशाला जात नसे, आणि पुढचा शुक्रवार उजाडायच्या आधी चवथ होती.

*

सुपारीची शिपटी बघायला ऋतिका डिचोलीच्या माटोळी बाजारात गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान उतरलं होतं. कांगलांची हिरवी फळं, आंबाड्यांचे घोस, तोरिंगांचा आंबट वास. गर्दीत एक म्हातारा मोठमोठ्यानं घासाघीस करत होता. पांढऱ्या मिश्या, खांद्यावर पंचा. त्याचा फोटो मंडळाच्या भिंतीवर दरवर्षी पहिल्या जागी बघून बघून ऋतिकाला पाठ झाला होता. मयेचा शिवदास! आणि त्याच्या मागं, डोक्यावर सुपारीचं भलंमोठं शिपट घेऊन –

"मामा, हे जरा धरा…" म्हणत तो वळला आणि गौरेशची नजर सरळ ऋतिकाच्या नजरेत अडकली.

झालं. सगळ्या गाठी एकदम सुटल्या. केवणीचा वास का कळला, 'खास असेल ते मधे बांधा' का म्हणाला, बाबा एकटे बांधतात का हे का विचारलं, आणि रिंग! एकदा नव्हे, दोनदा चुकीची!

"इथलाच काय?" ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज हळू होता. तिचा आवाज हळू झाला की घरची मांजर माडीवर जात असे. "मामासाठी हेरगिरी करतोस आणि वर उंडे खायला घालतोस?"

"ऋतिका, ऐक –"

"माझ्या बाबांचा फोटोच निघू नये म्हणून चुकीच्या रिंगा दिल्यास. खरं की नाही? एवढंच सांग. दुसरी रिंग चुकीची आहे हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?"

सुपारीचं शिपट डोक्यावर, पाणी मानेवरून खाली… "ठाऊक होतं," तो म्हणाला.

खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"उद्या बरोबर रिंग घरी आणून देतो," तो घाईनं म्हणाला.

"आमच्या घरात मयेच्या माणसाचा डोळासुद्धा पडता कामा नये. समजलं?"

शिवदासनं हाक मारली. गौरेश गेला. ऋतिका शिपटी न घेताच बसमध्ये चढली आणि अस्नोड्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. डोळ्यांत पाऊस गेला होता, असं तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. बाईनं विचारलं नव्हतं.

*

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला, दुपारी माटोळी बांधून झाली. रघुनाथ कदेलावर, म्हणजे आपल्या खुर्चीत, पाय पसरून बसल्या बसल्या सांगत होता, ऋतिका स्टुलावर चढून बांधत होती. शेजारच्या गोकुळदासकाकांनी सुपारीचं एक जड शिपट आणून दिलं, तेही तिनं उजव्या अंगाला टांगलं. जुळं कवंडळ बरोबर मधोमध. दोन लाल दिवे लावल्यासारखं. खोली उजळली होती. आणि ऋतिका कॅमेरा घेऊन पाठीनं भिंत ढकलत होती. मधलं आलं तर कडा जात, कडा आल्या तर दुसऱ्या कडा जात.

"जाऊं दे गो," रघुनाथ म्हणाला. "दुसरो नंबर काय वायट नसता."

तेच तिला ऐकायचं नव्हतं.

बाहेर स्कूटर थांबली. मंजुळा दाराशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "ऋतिका, हंय ये. कोणतरी डोळे बांधून इलो हा."

सोप्यावर गौरेश उभा होता. कोलवाळचा पूल ओलांडून पावसातनं आलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. आणि डोळ्यांवर टॉवेल! मागं घट्ट गाठ मारलेली.

"मयेच्या माणसाचा डोळा पडणार नाही," तो समोरच्या खांबाला म्हणाला. "रिंग आणलीय."

"मी इकडं आहे," ऋतिका म्हणाली.

तो वळला. "रिंग आणलीय. अठ्ठावन्नची."

"खोटं बांधलं असशील. खालून दिसत असेल."

"बघ हवं तर."

तिनं जवळ जाऊन बघितलं. टॉवेलाखालून उजेडाची फटसुद्धा नव्हती. त्याच्या पापण्यांना पाणी लागलं असणार, कापड तिथं ओलं झालं होतं. तिला एकदम वाटलं, पार्शाच्या घाटीवर पावसात ह्या माणसाची स्कूटर घसरली असती तर…

"आत आण त्याका," रघुनाथ आतून ओरडला. "पाहुण्याक बाहेर उबो करतत काय?"

"बाबा, शिवदासाचा भाचा आहे!"

आतली खुर्ची करकरली. मग रघुनाथ म्हणाला, "मगे तर आणच."

तिनं त्याचं मनगट धरून त्याला आत नेलं. कॅमेरा स्वतःच त्याच्या हातात दिला. त्याची बोटं कडेवरून फिरली, रिंग टेकली, एकदा मागं, मग पुढं… आणि सुरळीत बसली. वर लेन्स बसली. ऋतिकानं कॅमेरा डोळ्यासमोर धरला. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी माटोळी एका काचेत! एक पान कापलं गेलं नव्हतं.

"मावली?" त्यानं विचारलं.

"मावली."

"मग जातो मी." पण तो गेला नाही. कुठल्या बाजूनं जायचं ते त्याला दिसत नव्हतं, आणि बहुतेक जायचंही नव्हतं. "पहिली रिंग तुझ्या दोरीनं चुकवली. दुसरी मी चुकवली. तुझ्या हातावरचा आकडा मला स्वच्छ दिसला होता."

"मामानं सांगितलं म्हणून –"

"मामाला तुझं नावही ठाऊक नाही. मयेचा म्हटलं असतं तर तू त्या उंड्यासकट उठून गेली असतीस, म्हणून बोललो नाही. आणि रिंग…" तो थांबला. टॉवेलाखाली त्याचे कान लाल झाले होते. "रिंग बसली असती तर तू परत कशाला आली असतीस, ऋतिका? पुढच्या शुक्रवारी चवथ होऊन गेलेली असेल, हे घरी गेल्यावर कॅलेंडर बघितलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून जेवण गेलं नाही मला."

मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. रघुनाथनं छताकडे बघायला सुरुवात केली.

ऋतिकानं कॅमेरा खाली ठेवला. म्हणजे संशय खोटा नव्हता! पोरानं लबाडी केली होती ती केलीच होती. फक्त संशयानं घर चुकवलं होतं; बाबांच्या दाराशी जाऊन बसला होता, आणि खरी चोरी इकडं भलत्याच ठिकाणी चालली होती.

"सोड तो टॉवेल," ती म्हणाली.

"नको. मामा रात्री विचारतील, पार्शाला काय बघितलंस. मला खोटं बोलता येत नाही."

"दुकानात येत होतं ते?"

"ते… तेवढंच येत होतं."

तिनं बाबांकडे बघितलं. वर्षानुवर्षं ह्या खोलीत चवथीच्या आधी बाहेरच्याचा डोळा पडला नव्हता. रघुनाथ अजून छताकडेच बघत होता. तिचा निवाडा तिलाच करायचा होता.

ती त्याच्या मागं गेली. गाठ ओली होती, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवावी लागली. "मामाला काय सांगायचं ते सांग," ती त्याच्या मानेजवळ हळूच म्हणाली. "आधी बघ."

त्यानं डोळे उघडले. वर बघितलं. जुळ्या कवंडळावर त्याची नजर गेली आणि तिथंच राहिली. तोंड उघडं पडलं. मग नजर उजवीकडे सरकली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" ऋतिकाचा आवाज तीक्ष्ण झाला.

"उजवीकडचं शिपट. गाठ सैल आहे. उद्या आरतीच्या वेळी गणपतीवरच येईल."

रघुनाथनं मान ताणून बघितलं. खरंच, गाठ सरकत होती. रघुनाथच्या माटोळीला आजवर परक्याचा हात लागला नव्हता. घरी आलेल्या पाहुण्यांनासुद्धा लांबून बघावं लागलं होतं. तो कदेलावरून उठायला गेला, गुडघ्यानं दगा दिला, आणि तो परत बसला. मग त्यानं मांडीवरची दोरी उचलली आणि गौरेशपुढं धरली.

"शिवदासान शिकवलेली गाठ मारू नको," तो म्हणाला. "माझी शिकवतंय, ती मार."

गौरेश चिखलाचे पाय पुसून स्टुलावर चढला. रघुनाथ खालून सांगत होता, तो वर बोटं चालवत होता. मंजुळानं चहाचे कप आणले आणि एक कप जास्त आणला.

"घट्ट बांध रे," ऋतिका म्हणाली. "माझा विश्वास नाही तुझ्यावर."

"म्हणून धरलंयस स्टूल?"

"गप्प बांध."

स्टूल नवं होतं, चार पायांवर पक्कं, मुळीच हलत नव्हतं. तरी तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.